बावची लावून उन्हात बसवलं आणि हात भाजला: कोडाच्या डागाबद्दल एक अनुभव

"मॅडम, बावची तर आयुर्वेदातलीच ना, मग हिला भाजलं कसं?" नाशिकच्या सिडकोतून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (तपशील थोडे बदललेत.) शेजारी कॉलेजला जाणारी लेक ओढणीत हात गुंडाळून बसलेली, मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग आणि भोवती टपोरे पाण्याचे फोड. झालं असं की नात्यातल्या कुणीतरी सुचवलं म्हणून रविवार कारंजाकडून बावचीचं तेल आणलं, लावून पोरीला गच्चीत उन्हात बसवलं, पहिल्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी अजून जास्त वेळ.

हे मला बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहिते. बावची थोतांड अजिबात नाहीये. या औषधी वनस्पतीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते उन्हातल्या युव्हीए या अतिनील किरणांनी जागं होतं, आणि याच गटातलं औषध देऊन मोजून मापून किरण द्यायचे ही पुवा ट्रीटमेंट डॉक्टर कितीतरी वर्षं कोड आणि सोरायसिस या त्वचेच्या आजारांसाठी वापरत आलेत. पण तिथे औषध किती, किरण किती सगळं ठरलेलं असतं, गच्चीत यातलं काय मोजणार? त्यात भाजल्याचं लगेच कळत नाही, फोड एक-दोन दिवसांनी वर येतात, आणि कोडात जिथे कातडी दुखावते तिथे नवा डागही उठू शकतो.

आईला खरं खात होतं ते वेगळंच. "सासूबाई म्हणतात तूच मासे खाऊ घालून वर दूध दिलंस." ताई, याला काहीही आधार नाही. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. हा कुष्ठरोग नाही, शिवून पसरत नाही.

तेव्हा कुठे लेक बोलली, "मग ताईच्या लग्नात मी हळद लावू शकते ना? मला लांब थांब म्हणालेत." बिनधास्त लाव म्हटलं, आणि घरच्यांशी बोलायला मी स्वतः तयार आहे.

स्किनच्या डॉक्टरांनी आधी फोड भरू दिले, मग नॅरोबँड युव्हीबी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांची लाइट ट्रीटमेंट, सुरू केली. तुमच्याकडे कुणी बावची लावली असेल तर धुऊन तो भाग झाकून ठेवा, खिडकीच्या काचेतूनही युव्हीए येतं, फोड आले तर ते फोडू नका, आणि डॉक्टरांना बावचीचं आवर्जून सांगा, कारण त्यावर लाइट ट्रीटमेंट सुरू झाली तर आणखी भाजू शकतं.