मंदी ओसरली, मग पदकपात आता का?

प्रश्न : मंदीत खासगी कंपन्या माणसं कमी करतात, ते समजतं, माल खपत नाही तर पगार कुठून देणार? पण नगरपालिकांचं काम मंदीत कमी होत नाही, उलट वाढतं. तरीही बाजार सावरू लागला की मगच स्थानिक संस्थांतल्या पदकपातीच्या बातम्या येतात. हा उलटा क्रम का? कर्ज काढून वेळ का मारून नेत नाहीत? किंवा सरसकट सगळ्यांचाच पगार थोडाथोडा का कापत नाहीत?

उत्तर : शंका रास्त आहे. माझी उमेदीची वर्षं लेखा विभागात अंदाजपत्रकाची दोन टोकं जुळवण्यात गेली, त्यामुळे हा उलटा क्रम मला नवा नाही. मंदी नगरपालिकेच्या दारात उशिरा येते आणि उशिराच जाते.

याचं कारण मालमत्ता कर. घरांचे भाव आज कोसळले, तरी कर आकारला जातो तो आधीच्या मूल्यांकनावर. फेरमूल्यांकन होऊन कमी रकमेची बिलं निघेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. विक्रीकर लगेच आटतो, वरच्या सरकारचं अनुदान त्यानंतर, आणि मालमत्ता कर सगळ्यांत शेवटी. अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृत हिशेबानं जून 2009 मध्ये संपली, पण तिथल्या स्थानिक संस्थांतल्या नोकऱ्या त्यानंतरही काही वर्षं घटतच राहिल्या. तिथल्या केंद्र सरकारनं 2009 मध्ये 787 अब्ज डॉलरचं मदतीचं पॅकेज दिलं होतं. त्यातून राज्यांना मिळालेल्या पैशांवर शाळा तगल्या. तो पैसा संपला नि शिक्षकांच्या जागांना कात्री लागली.

आता कर्जाचं. रस्ता बांधायला कर्ज चालतं, पगार वाटायला नाही. बहुतेक ठिकाणी कायदाच तसा आहे. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थांना, जमा-खर्च जुळवूनच अंदाजपत्रक मांडावं लागतं. न्यूयॉर्क शहरानं मात्र रोजचा खर्च अल्पमुदतीच्या कर्जावर भागवायची सवय लावून घेतली होती. 1975 मध्ये बँकांनी हात वर केले. त्या वर्षी 1 जुलैला हजारो पोलीस आणि सफाई कामगार एका झटक्यात घरी बसले. उरलेल्या सफाई कामगारांनी काम बंद केलं आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. पुढे शिक्षक संघटनेनं स्वतःच्या पेन्शन फंडातून कर्जरोखे घ्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे शहराची दिवाळखोरी टळली. म्हणजे कामगारांच्या म्हातारपणाचा पैसा मालकाला उसना!

सरसकट पगारकपात कानाला न्याय्य वाटते. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात 2012 च्या जुलैत तिजोरीत जेमतेम 5 हजार डॉलर उरले, तेव्हा महापौरांनी स्वतःसकट सगळ्यांचा पगार किमान वेतनावर आणला, तासाला 7.25 डॉलर. आगीत शिरणाऱ्या जवानालाही तेवढेच. संघटना कोर्टात गेल्या, आणि हे टिकणारं नव्हतंच. थोडी कपात, थोड्या काळापुरती, लोक सोसतात. ती लांबली की ज्याला बाहेर काम मिळू शकतं तो चांगला माणूस आधी सोडून जातो.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. नको असलेल्या कामाची कपात होत नाही, कापायला सोयीच्या कामाची होते. सुरुवात 'भरती बंद'नं होते. कुणाला काढलं नाही, म्हणून कुणाचा आरडाओरडा नाही. पण जागा रिकामी कुठली होणार, हे शहराची गरज ठरवत नाही. कोण कधी निवृत्त होतो, यावर ते ठरतं. मी पाहिलेल्या एका कार्यालयात करवसुलीची अनुभवी माणसं गेली आणि जागा गोठवल्या. आस्थापना खर्चाच्या, म्हणजे पगार-भत्त्यांच्या, शीर्षाखाली झकास बचत दिसली. पुढच्या वर्षी थकबाकी फुगली; उरलेल्यांचा जादा तासांचा भत्ता आणि कंत्राटी मदतनीसांचं बिल वेगवेगळ्या शीर्षांखाली पडलं. हे सगळे आकडे एका पानावर कुणी मांडलेच नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज या अमेरिकी शहराचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. शहराची भिस्त विक्रीकरावर. 2009 मध्ये मतदारांनी मालमत्ता करवाढ नाकारली. 2010 मध्ये शहरानं रस्त्यावरचे सुमारे एकतृतीयांश दिवे मालवले, बागांमधल्या कचरापेट्या उचलल्या, पोलिसांची हेलिकॉप्टरं विकायला काढली. आपल्या दारासमोरचा दिवा हवा असेल, तर पैसे भरून तो 'दत्तक' घ्यायचा! पण बंद दिव्यांच्या तारांत वीज नाही हे चोरांनी ताडलं आणि तांबं कापून नेलं. दिवे पुन्हा लावायचे म्हणजे आधी ते तांबं विकत घेणं आलं.

म्हणून कपात करावीच लागली, तर आधी काम बंद करा, मग पद. 'ही सेवा आम्ही आता देणार नाही' असं नागरिकांना उघड सांगा. कामं तेवढीच ठेवून हात कमी करणं ही नुसती कागदावरची बचत.

प्रश्न : अंदाजपत्रकाचं बाड हाती आलं, तर सामान्य नागरिकानं नेमकं काय पाहावं?

उत्तर : अध्यक्षीय भाषण सोडून द्या, सरळ तक्त्यांकडे जा. मंजूर पदं किती आणि प्रत्यक्ष भरलेली किती, हा फरक कुठल्या खात्यात वाढला ते बघा. मग त्याच खात्याचा जादा तासांचा आणि कंत्राटी कामांचा खर्च शोधा. देखभाल-दुरुस्तीची मूळ तरतूद आणि वर्षअखेरचा प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडा. पैसे अडचणीत आले की पहिला डल्ला तिथेच पडतो, कारण न रंगवलेला पूल त्या वर्षी तक्रार करत नाही. सुधारित अंदाजाचा, म्हणजे वर्षाच्या मध्यात बदललेल्या आकड्यांचा, रकाना नसेल, तर तो लेखी मागा.