लेकीच्या चित्रात एक मुलगी कमी आहे

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत. त्यातल्या पहिल्याने मला झोपू दिलं नाही, म्हणून बोलणार आहे ते त्याच्याबद्दलच.

तुम्ही लिहिता, "नऊ वर्षांच्या लेकीने वर्गाचं चित्र काढलं. सगळी मुलं होती, फक्त नवीन आलेली मुलगी नव्हती. विचारलं तर म्हणाली, तिला नीट बोलताच येत नाही, ती आमच्यात नसते. आम्ही दोघांनी तिला बसवून समजावलं. 'सगळे समान' असं पोस्टर करून घेतलं. तिने सुरेख रंगवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

तुमच्या पोटात तुटलं असणार. नवीन देशात आपले उच्चार ऐकून लोकांनी तोंड फिरवलेलं आपण सगळ्यांनीच सोसलंय, आणि आता तेच आपल्या लेकीच्या तोंडून! पण ताई, ते पोस्टर कोणाचं होतं? वाक्य तुमचं, विषय तुमचा. तिने फक्त रंग भरले. घोषणा रंगवायला मन बदलावं लागत नाही. उलट त्या पहिल्या चित्रात ती खरं बोलली होती आणि त्याबद्दल तिला बोलणी बसली. पुढच्या वेळी ती सगळ्यांना काढेल, तुम्हाला दाखवायला.

मुलांना एक वही द्या असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय, तुम्हालाही तेच सांगते. कोरी, बिनरेघांची. तिच्यात चित्रही चालेल, लिखाणही चालेल. शुद्धलेखन तपासायचं नाही, फोटो काढून आजी-आजोबांना पाठवायचा नाही, न विचारता उघडायची तर मुळीच नाही. आणि प्रत्येक पानावर तिने स्वतःचं नाव घालायचं. नावाचा हा आग्रह मी फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस या चित्रकर्तीकडून घेतला. नाझींनी तेरेझिनच्या छावणीत कोंडलेल्या मुलांना त्या चित्रकला शिकवायच्या. ज्यांना नंबर देऊन टाकलं होतं त्या मुलांकडून त्या चित्रांवर स्वतःची नावं घालून घेत. १९४४ मध्ये ऑशवित्झच्या छावणीत फ्रीडल यांची हत्या झाली. मुलांची हजारो चित्रं मात्र वाचली, आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. पानावर आपलं नाव घातलं की लिहिलेल्याची जबाबदारी आपली होते, आणि मूल्यं रुजायची तर तिथूनच रुजतात.

आता त्या मुलीचं. "तिलाही चित्रात घे" असं म्हणू नका. म्हणा, "ती मधल्या सुट्टीत जिथे उभी असते तिथून मैदान कसं दिसतं, ते काढ." लेकीला ठाऊक नसेल, तर दुसऱ्या दिवशी नीट बघून यावं लागेल. हे बघणं महत्त्वाचं. मग त्याच पानाखाली 'मी' म्हणून चार ओळी, त्या मुलीच्या बाजूने. माझ्या धाकट्याला वर्गातल्या एका अबोल मुलाबद्दल असंच लिहायला सांगितलं होतं. पहिली ओळ आली, "मला कोणी आवडत नाही." मी गप्प बसले. बऱ्याच दिवसांनी त्याने ती स्वतःच खोडून लिहिलं, "मला कोणी विचारत नाही." ती ओळ मी सुचवली असती तर ती माझी राहिली असती.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सहिष्णुता म्हणजे सगळ्यांशी मैत्री नव्हे. माझ्या थोरलीने वहीत लिहिलं होतं की अमक्या मुलीशी मी खेळणार नाही, ती लहान मुलांना ढकलते. यांना वाटलं, समजवावं. मी नाही म्हटलं. ढकलणारीला नकार देणं हे तिचं स्वतःचं मूल्य होतं. तुमच्या लेकीचा नकार वागण्याला नाही, बोलण्याच्या ढबीला आहे. हा फरक तिला वहीतच दिसू दे. "मी कोणाशी खेळत नाही आणि का" असं एक पान लिहायला सांगा. कारणं एकाखाली एक आली की कुठलं लंगडं आहे ते मुलांना बरोबर कळतं. आपण शेजारी बसून सुस्कारे टाकायचे नाहीत, एवढंच.

आणि तुम्हीही लिहा. साने गुरुजी पुतणी सुधाला पत्रं लिहायचे. १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावणारा हा माणूस त्या पत्रांत फुलापाखरांबद्दलही मनापासून लिहायचा. तुम्ही परक्या देशात नवीन होतात तेव्हाचं एक पान लेकीसाठी लिहा. तात्पर्य न देता.

बाकीचे प्रश्न. मराठीत लिहावं की तिथल्या भाषेत? जी आधी सुचेल तिच्यात, दोन्हींची सरमिसळही चालेल. टॅबलेटवर काढलं तर? चालेल, पण वही आधी. आजोबा व्हिडिओ कॉलवर इतर लोकांबद्दल वाटेल ते बोलतात, त्याचं काय? ते तुमच्या यजमानांनी वडिलांशी एकट्याने, लेक खोलीत नसताना बोलायचं आहे. या रविवारीच बोलायला सांगा.