वाचकांचे प्रश्न : अशांत प्रदेशातला सामुदायिक रेडिओ

संघर्षाची झळ बसलेल्या भागांत चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्रांबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ट्रान्समीटर १०० वॅटचा आहे, अँटेना २० मीटर उंचीवर. लांबच्या वस्त्यांत नुसती खरखर ऐकू येते. ३०० वॅटचा ट्रान्समीटर घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॅटपेक्षा उंची जास्त कामाला येते. अँटेनाच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले की तिला किती किलोमीटरपर्यंत 'दिसते' याचा अंदाज येतो. २० मीटरला हे अंतर सुमारे १८ किलोमीटर, तर ४० मीटरला २६. सपाट भागात उंची दुप्पट केली की दूरचा सिग्नल सुमारे ६ डेसिबलने (सिग्नलची ताकद किती कमी-जास्त झाली हे सांगणारे माप) वाढतो. वॅट तिप्पट करून जेमतेम ५ डेसिबल मिळतात, आणि वीज मात्र तिप्पट लागते. उंची किंवा वॅट, काहीही बदलायचे तर परवान्यातली मर्यादा आधी बघा.

त्याआधी दोन बिनखर्चाच्या गोष्टी करून पाहा. प्रसारण स्टिरिओ असेल तर मोनो करा. खरखरीशिवाय ऐकू येण्यासाठी स्टिरिओला मोनोपेक्षा कितीतरी ताकदवान सिग्नल लागतो. बोलण्याच्या कार्यक्रमांना त्याचा उपयोगही नाही. नुसते एक बटण फिरवून प्रसारणाच्या टप्प्याच्या कडेवरची बरीच गावे 'साफ' होतात. दुसरे म्हणजे ट्रान्समीटरवरचा एसडब्ल्यूआर पाहा, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा. तो १.५ च्या आत हवा. २ च्या वर गेला तर बहुतेक ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप पॉवर कमी करतात. पावसानंतर आकडा वाढत असेल तर अँटेनाजवळच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे असे समजा. कनेक्टर बदला, त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. हे काम करताना ट्रान्समीटर बंदच हवा. अँटेना न जोडता तो चालू केला तर आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो.

डोंगराच्या थेट आड असलेल्या वस्त्यांपर्यंत मात्र यातले काहीच पोहोचणार नाही. तिथे आठवड्याचे कार्यक्रम मेमरी कार्डवर घालून पाठवा आणि श्रोतागटात ऐकवा.

प्रश्न : वीज दिवसचे दिवस नसते. सौर यंत्रणा किती मोठी हवी?

१०० वॅटचा ट्रान्समीटर प्रत्यक्षात सुमारे २०० वॅट खातो. मिक्सर, लॅपटॉप आणि दिवे मिळून आणखी १०० धरा. रोज सहा तास प्रसारण धरले तर १८०० वॅट-तास होतात. इन्व्हर्टरमधली गळती धरून २१००. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या दोन लागतील. साडेचार तास चांगले ऊन मिळत असेल तर पॅनेल सुमारे ७०० वॅटची घ्या. ढगाळ दिवसांत ट्रान्समीटर ५० वॅटवर आणा. त्यात फक्त ३ डेसिबल जातात. जवळच्या श्रोत्याला फरक कळणारही नाही.

या बॅटऱ्या अकाली मरतात त्या बहुधा मोबाईल चार्जिंगमुळे. वीज गेली की सगळी वस्ती फोन घेऊन केंद्रावर येते, आणि नाही म्हणणे बरोबरही नाही. त्यासाठी छोटे पॅनेल आणि बॅटरी वेगळी ठेवा.

प्रश्न : शेजारच्या गावावर हल्ला झाल्याचे फोन येत राहतात. खरे असेल तर लोकांना सावध करायला हवे, खोटे असेल तर पळापळ होईल. अशा वेळी काय बोलायचे?

चालू कार्यक्रम सुरू ठेवा आणि निवेदकाला त्या विषयावर एक शब्दही बोलू देऊ नका. फोन घेणाऱ्याने कागदावर चार गोष्टी टिपायच्या : स्वतः पाहिले की ऐकले, कोणाकडून ऐकले, नेमके कुठे, किती वाजता. प्रसारणाला किमान दोन स्रोत हवेत आणि ते एकमेकांवर विसंबलेले नकोत. गफलत नेमकी इथेच होते. पाच जणांनी तीच गोष्ट सांगितली म्हणून ती पक्की वाटते, पण खोदून विचारले की पाचही जण एकाच व्हॉइस मेसेजवरून बोलत असतात. तो स्रोत एकच धरायचा.

बोलायची वेळ आली की अफवेपासून सुरुवात करू नका. घाईत असलेला माणूस पहिले वाक्य ऐकतो आणि निघतो. समजा, पूल उडवल्याची आवई उठली आहे. तर असे बोला : "नदीवरचा पूल दहा वाजता उभा होता, आमच्या दोन माणसांनी तो स्वतः पाहिला. पूल उडवल्याचे निरोप फिरत आहेत, ते खरे नाहीत. पुढची माहिती साडेअकराला." मग साडेअकराला बोलायचेच, नवे काही नसले तरी. दिलेली वेळ चुकली की लोक पुन्हा व्हॉइस मेसेजकडे वळतात.

'रस्ता सुरक्षित आहे' असे वाक्य कधीही उच्चारू नका. 'अमक्या वेळी अमक्याने तिथून प्रवास केला' एवढेच सांगा. सैन्याच्या किंवा सशस्त्र गटाच्या हालचाली, विस्थापित कुठे लपले आहेत ते ठिकाण, मारणारा कोणत्या जमातीचा याबद्दलचे तर्क, यातले काहीच हवेत जाता कामा नये. रवांडात १९९४ च्या नरसंहारात आरटीएलएम या केंद्राने माणसांची नावे आणि लपण्याच्या जागा वाचून दाखवल्या. त्याच्या एका निवेदकाने २००० साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे गुन्हा कबूल केला आणि त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. माईकसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सांगायला हवे.

प्रश्न : थेट फोन घेण्याचा कार्यक्रम बंद करावा का?

बंद करू नका, उशिरा ऐकवा. ७ ते १० सेकंदांचा विलंब देणारे यंत्र असेल तर उत्तम; मात्र बटणावर बोट ठेवून बसणारा माणूस वेगळा हवा, निवेदकाला दोन्ही जमत नाही. यंत्र नसेल तर फोन मुद्रित करा, ऐका आणि पंधरा मिनिटांनी लावा. मुद्रण चालू असल्याचे बोलणाऱ्याला आधी सांगा.

प्रश्न : अत्याचार सोसलेल्या बाईंना बोलायचे आहे. आवाज बदलला की पुरेसे आहे ना?

नाही. सॉफ्टवेअरने जाड किंवा बारीक केलेला आवाज बऱ्याचदा परत मूळपदावर आणता येतो. शिवाय बोलण्याची लकब, गावची बोली आणि मागचे आवाज तसेच राहतात. मागे ऐकू येणाऱ्या पिठाच्या गिरणीवरूनही गाव ओळखले जाते. त्यांचे म्हणणे लिहून घ्या, ठिकाण आणि नात्यांचे तपशील काढा, त्यांना वाचून दाखवा आणि दुसऱ्या भागातल्या स्त्रीकडून वाचून घ्या. संमती दोनदा हवी : सांगताना एकदा, आणि दुसऱ्या दिवशी तयार झालेला भाग ऐकल्यावर पुन्हा. 'नको' म्हणाल्या तर विषय तिथेच संपला. मूळ ध्वनिमुद्रण केंद्रावर ठेवू नका. लॅपटॉप कधीही जप्त होऊ शकतो.

प्रश्न : ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी निवेदने द्यायची आहेत. काय सांभाळावे?

हे रेडिओचे सर्वांत मोलाचे काम आहे. १९९४ मध्ये बीबीसीने रवांडातल्या विखुरलेल्या कुटुंबांसाठी 'गाहुझामिर्यांगो' ही सेवा सुरू केली; नावाचा अर्थच कुटुंबे जोडणारी. मोठ्या माणसांच्या निवेदनात नाव, टोपणनाव, आईवडिलांची नावे, मूळ गाव आणि शेवटची भेट कुठे झाली हे सांगा. पण जमातीच्या वैरामुळे नावच जिवावर बेतणार असेल तर तेही नको, फक्त टोपणनाव पुरे.

एकट्या सापडलेल्या मुलाचे ठिकाण कधीच सांगू नका. एखादी खूण, म्हणजे पाठीवरचा व्रण किंवा धाकट्या भावाचे लाडके नाव, मुद्दाम राखून ठेवा. मूल आपले आहे म्हणून येणाऱ्याला ती विचारता येते. खूण जुळली तरी मूल केंद्रावरून कोणाच्या हाती द्यायचे नाही. ते काम रेड क्रॉसच्या शोधसेवेचे किंवा बालसंरक्षण यंत्रणेचे. आणि भेट झाली की निवेदन लगेच थांबवा. जुनी फाईल चुकून पुन्हा वाजते, म्हणून प्रत्येक निवेदनावर शेवटची तारीख घाला.

प्रश्न : एक सशस्त्र गट आपले पत्रक वाचून दाखवा म्हणतो. दोन्ही बाजूंचे लोक आम्ही 'दुसऱ्यांचे' आहोत असे म्हणतात.

पत्रक कोणाचेही जसेच्या तसे वाचायचे नाही, हा नियम आज लिहून भिंतीवर लावा. तो सरकारी पत्रकालाही लागू करा, नाहीतर त्याला अर्थ उरणार नाही. निर्णय केंद्राच्या सल्लागार मंडळाचा असेल, पाळीवरच्या निवेदकाचा नाही. रात्री दारात बंदूक घेऊन कोणी आले तर त्या निवेदकाला 'माझ्या हातात नाही' असे खरेपणाने म्हणता आले पाहिजे. तरीही जीव धोक्यात असेल तर वाचून टाकावे. दुसऱ्या दिवशी मंडळाने खुलासा करावा.

पक्षपाताचा ठपका शब्दांइतकाच रचनेवरून बसतो. बुरुंडीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओ इजाम्बो या रेडिओ स्टुडिओत हुतू आणि तुत्सी या दोन्ही लढणाऱ्या जमातींचे पत्रकार एकत्र काम करत. काँगोमधला रेडिओ ओकापी २००२ पासून फ्रेंचबरोबर लिंगाला, स्वाहिली, किकाँगो आणि चिलुबा या चार भाषांत बोलतो. तुमच्याकडे दोन भाषा असतील तर बातमीपत्रात आधी कोणती येणार हे दर आठवड्याला आलटून-पालटून ठेवा, दोन्हींना मिनिटे सारखी द्या आणि मृतांसाठी एकच शब्द वापरा. एका बाजूचे 'शहीद' आणि दुसऱ्या बाजूचे 'ठार' असे एकदा जरी झाले, तरी श्रोते ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.