गंजिफाच्या १२० पत्त्यांवर मिनिएचर वॉरगेम खेळायचा तर कुठले पत्ते काढून टाकावेत?

एकही नाही. तुम्ही लिहिलंय की सावंतवाडीहून आणलेला दशावतारी गंजिफाचा संच घरी आहे (विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा गोल पत्ते), ५२ पत्त्यांवर चालणारे मिनिएचरचे, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायचे, नियम त्यावर चालवायचेत आणि त्यासाठी चार रंग ठेवून बाकीचे सहा बाजूला काढायचा विचार आहे. चार रंग गुणिले बारा म्हणजे ४८ पत्ते, ५२ च्या जवळपास, गणित बरोबर आहे तुमचं. पण मग गंजिफा कशाला, वाण्याकडून साधा कॅट आणा ना.

हा प्रश्न बघून गप्प बसवलं नाही कारण नेमका हाच वाद आमच्या ग्रुपमधल्या एका काकांशी माझा अजून चालू आहे. काकांचं म्हणणं, तीन-दोन-पाच खेळताना आपण पत्ते काढतोच की, तसे इथेही काढायचे, पत्ते म्हणजे शेवटी आकडे, वर मासा काढलाय की बदाम याने काय फरक पडतो. फरक पडतो. आणि तो चित्राचा नाही, रंग किती आहेत त्याचा आहे.

झालं असं की आम्ही असईची लढाई लावली होती, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले, २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली. नियम मुळात 'द स्वोर्ड अँड द फ्लेम'चे, १९७९ चे, तुम्हाला माहीत असतीलच, लाल पत्ता आला की ब्रिटिशांचं एक युनिट हलतं, काळा आला की समोरच्याचं. मी त्यातला प्रत्येक युनिट फेरीत एकदाच हा भाग काढून टाकला आणि दहा रंग सेनापतींमध्ये वाटले, ज्याचा पत्ता निघेल त्याची हालचाल, बस. कंपनीला पाच रंग, त्यातले तीन पायदळाला आणि दोन मॅक्सवेलच्या घोडदळाला. मराठ्यांच्या बाजूला शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमनच्या कवायती पलटणींना तीन, तोफांना एक, आणि शिंदे-भोसल्यांच्या उरलेल्या सगळ्या घोडदळाला मिळून एक. म्हणजे दहात एक पत्ता.

ते घोडदळ नेमकं काकांकडे आलं. वर त्यांचा रंग निघाला कूर्म. घोडदळाला कासव दिलं हे त्यांनी आजतागायत माफ केलेलं नाही.

अर्धा तास झाला तरी त्यांचे दोनच पत्ते निघाले होते, तेवढ्यात माझ्या पोलमनने अख्खी रांग वळवून वेलस्लीसमोर उभी केली, आणि काकांचा पारा चढला. मराठ्यांचं घोडदळ हजारोंनी होतं रे, म्हणे, आणि तू दहात एक पत्ता देतोस? अहो काका, होतं की हजारोंनी, पण त्या दिवशी केलं काय त्यांनी? वेलस्ली नदी उतरून बगलेवर आला तेव्हा त्याच्या अपेक्षेपेक्षा पटकन तोंड फिरवलं ते पोलमनच्या पायदळाने, कंपनीची दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली ती बरीचशी तोफांनी, आणि एवढं मोठं घोडदळ बहुतेक वेळ बघत उभं होतं. हे मी अपमान करायला सांगत नाही, माझंही आजोळ मराठी मुलखातलंच, सावंतवाडीजवळचं. पण नियमात अभिमान घातला की लढाई राहत नाही, मिरवणूक होते.

तर काका म्हणाले ५२ चा कॅट काढा, बदाम माझे. आता बघा, साध्या कॅटात चारच रंग, एक रंग दिला की तो गडी थेट २५ टक्क्यांवर. दहा टक्के द्यायचे तर पत्ते मोजून यादी करावी लागते, दुर्री ते छक्की अमक्याची, सत्ती तमक्याची, आणि मग प्रत्येक पत्त्याला सगळे त्या यादीत डोकं घालून बसतात. दशावतारीत दहा रंग, एकेक रंग दहा टक्क्यांचा, पत्ता उघडला की कोणाचा ते लगेच दिसतं. एवढ्यासाठीच गंजिफा वापरायचा. सहा रंग काढलेत की ही सोय संपली.

आता तुमच्या कामाचं. ५२ चा कॅट संपतो तेव्हा दोन्ही बाजूंना बरोबर २६-२६ पत्ते मिळून हिशोब फिटलेला असतो. १२० पत्त्यांतले पहिले ५२ उघडले तर दोन बाजूंत चार-पाच पत्त्यांचा फरक सहज असतो, आणि आख्खा संच संपेपर्यंत संध्याकाळ होते. हे आवडत नसेल तर मध्येच पिसायचा नियम घाला. सॅव्हेज वर्ल्ड्स या रोल-प्लेइंग खेळात जोकर निघाला की ती फेरी संपल्यावर सगळे पत्ते परत पिसतात, तसं. पण गंजिफात जोकर नाही, मग लोक दहाही राजांना जोकर करतात आणि वैतागतात. ५४ मध्ये दोन जोकर म्हणजे २७ पत्त्यांत एक, १२० मध्ये दहा राजे म्हणजे बारात एक, दुपटीहून जास्त झाले ना. चार राजे घ्या, तीसात एक पडतो, जवळपास तेच. कुठले चार? एक मी सांगतो, मूळ खेळात दिवसा रामाच्या रंगाने सुरुवात करतात आणि रात्री कृष्णाच्या, तेव्हा दिवसाच्या लढाईत रामाचा राजा घ्या, छापा रात्रीचा असेल तर कृष्णाचा. बाकीचे तीन तुम्ही ठरवा.

मॅलिफॉ या मिनिएचर खेळासारखे फाशांऐवजी पत्ता उलटून आकडा बघायचे नियम असतील तर वेगळी गोष्ट. तिथे जोकर सोडले तर १ ते १३, इथे १ ते १०, वजीर ११, राजा १२. दहा किंवा वर लागत असेल तर साध्या कॅटात शक्यता ३१ टक्के, गंजिफात २५. चालून जातं. स्पॅनिश ४० पत्त्यांत आठ-नऊ नसतात, सरळ १ ते १० धरलं तर तीच शक्यता थेट १० टक्के, म्हणून तिथे लागणारे आकडे दोनाने खाली आणा नाहीतर कोणी कोणाला मारतच नाही. टॅरोत ७८ पैकी २२ हुकमाचे, त्या सगळ्यांना घटना चिकटवल्या की दर तीन-चार पत्त्यांत एक घटना, युद्ध राहिलं बाजूला. पाच-सहाच ठेवा.

गंजिफात अजून एक गंमत आहे, निम्म्या रंगांत राजा-वजिरानंतर दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा. नुसता पत्ता उलटायचा असेल तर याने शक्यता बदलत नाही, फक्त नवीन माणूस गोंधळतो. हातात पत्ते धरून खेळायचे नियम असतील तर मात्र जरूर ठेवा. आम्ही असईत ठेवला नव्हता, काकांचा गोंधळ आधीच पुरेसा होता.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, पण तुमचा संच हाताने रंगवलेला असेल तर तो टेबलावर आणूच नका. लाखेचा लेप असलेले गोल पत्ते रमीसारखे पिसता येत नाहीत, कापडावर पालथे पसरून हाताने कालवावे लागतात आणि शिशाच्या सैनिकांची संगीन लागली की ओरखडा गेलाच. फोटो काढून जाड कागदावर छापून घ्या. गोलच छापणार असाल तर वापरलेला पत्ता आडवा करून ठेवायचे जे नियम असतात ते विसरा, गोल पत्ता आडवा झालेला कळत नाही, वर मणी ठेवा. रंग ओळखायला प्रत्येकासमोर एक चिठ्ठी हवी, कोणत्या चिन्हाचा कोण सेनापती, नाहीतर परशू आणि तलवारीवरून भांडणं होतात.

सुरुवात कुठल्या नियमांपासून करावी हे तुम्ही शेवटी विचारलंय, ते तुमच्याकडे किती सैनिक आहेत आणि कुठल्या काळातले यावर आहे. सेनापती चार-पाचपेक्षा कमी असतील तर एवढा खटाटोप करू नका, साधा कॅट पुरतो. जास्त असतील तर रंग वाटायच्या आधी कोणाला किती टक्के ते ठरवून सगळ्यांसमोर लिहून ठेवा. आणि टेबलावर कोणी असई लावून घोडदळाला जास्त रंग मागायला लागलं, तर त्यांना म्हणावं खर्ड्याची लढाई लावू, मराठे विरुद्ध निजाम, १७९५ ची, तिथे देतो तुम्हाला तीन.