वाचकांचे प्रश्न : ही सत्ता यांना दिली कुणी?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. 'द ऑथॉरिटी' नावाच्या कॉमिक्सचं जाड पुस्तक मित्राकडून आणून त्यानं दोनदा वाचलं. मी चाळलं, तर त्यातले नायकच माणसं मारतात! विचारलं तर म्हणतो, "आई, ते जग वाचवतात." पुस्तक काढून घेऊ का?
— एक आई, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, काढून घेऊ नका. मी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळं हे पुस्तक हातात आलं की मी आधी चित्रातच अडकतो. ब्रायन हिचनं चौकटी पानभर आडव्या पसरल्यात, नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते. लेखक वॉरन एलिस. १९९९ साली मालिका सुरू झाली. या दोघांचे १२ अंक आहेत, चार-चार अंकांच्या तीन गोष्टी. अचाट शक्ती असलेल्या सात जणांचं पथक आणि त्यांची पुढारी जेनी स्पार्क्स. अपोलो आणि मिडनायटर या दोन पुरुषांचं एकमेकांवर प्रेम आहे. त्याला बिचकू नका, एवढ्या मारामारीत तेवढंच कोवळं आहे. माझा जीव मात्र जॅक हॉक्समूरवर. त्याची ताकद शहरातून येते, शहरं त्याच्याशी बोलतात. तो सोलापुरात आला तर आधी जुन्या मिलच्या भिंतीला हात लावून उभा राहील, असं मला कायम वाटत आलंय.

मुलाला क्षणभर थांबवून विचार करायला लावायचं असेल, तर तीनपैकी मधल्या गोष्टीवर थांबवा. दुसऱ्याच एका पृथ्वीवरून आक्रमण होतं. जेनीचं पथक उलट तिकडं जातं आणि तिथली अख्खी इटली नष्ट करतं, कारण जुलमी राज्यकर्त्यांचं ठाणं तिथं आहे. वर उरलेल्या जगाला बजावतं, नीट वागा. त्या इटलीत सकाळी चूल पेटवणारी बाई असेल, शाळेला निघालेलं पोर असेल. त्यांचं काय झालं, हे मुलाला विचारा. आणि या सात जणांना हा अधिकार कुणी दिला, तेही विचारा.

आपल्या गावानं हा प्रश्न अंगावर झेललाय. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारला, तेव्हा सरकारनं मार्शल लॉ पुकारला. शांतता राखतोय, असंच तेही म्हणत होते. माझे आजोबा तेव्हा गिरणीत होते. गांधी टोपी सदऱ्याच्या आत दडवून घरी यायचो, असं सांगायचे. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. तुमचा मुलगा या चौघांच्या 'चार पुतळ्या'वरून कितीदा तरी गेला असेल. जेनीचं पथक वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती माणसं फार आवडतात. पण ज्याच्या डोक्यावर सत्ता येऊन बसते, त्याच्या घरातून ती कशी दिसते, हे सोलापूरच्या पोराला कळायला हवं.

तेराव्या अंकापासून लेखक मार्क मिलर आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली आले. तिथून पथक थेट देशांच्या कारभारात हात घालतं, हिंसाही जास्त अंगावर येते. ते एवढ्यात नको. पहिले १२ अंक मात्र रविवारी दुपारी त्याच्याशेजारी बसून तुम्हीही वाचा. इटलीच्या पानावर तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.