‘वय झालंय’ म्हणण्याआधी

प्रश्न : डॉक्टरबाई, आमची कुत्री राणी बारा वर्षांची असेल. दहा वर्षांपूर्वी धायरी फाट्याजवळ गाडीची धडक बसून पडली होती, तेव्हा उचलून आणली ती आमचीच झाली. गेले दोन महिने रात्री दोन-अडीचला उठते, घरभर फिरते, दारामागच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहते आणि भुंकते. मधूनच बाहेरच्या खोलीत शू करते. खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात. सासूबाई म्हणतात, वय झालंय तिचं, गावाला मळ्यावर नेऊन सोडा, मोकळी राहील. यजमानांची सकाळची शिफ्ट आणि मुलांच्या परीक्षा, म्हणून रात्री मीच उठते. आता सहन होत नाही, आणि तिला सोडायचं म्हटलं की रडू येतं.
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : ताई, आधी मळ्याचं बोलते. राणीनं दहा वर्षांत तुमचं घर पायांनी आणि नाकानं पाठ केलंय. पाण्याचं भांडं कुठे, दार कुठे, तुम्ही कुठे निजता. नजर आणि कान मंदावले की कुत्रं त्या पाठांतरावरच दिवस काढतं. मळ्यावर ते सगळं पुसलं जाईल, आणि तिथली कुत्री म्हाताऱ्या परक्या कुत्रीला जवळ करत नाहीत. पाळलेलं जनावर उपासमार होईल असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. पण सासूबाईंपुढे कायदा काढू नका. त्यांच्या लहानपणी कुत्रं अंगणातच जगायचं आणि अंगणातच जायचं, त्यांना ते मायेचंच वाटतं. माझी आईही हेच म्हणायची.

‘वय झालंय’ हे वाक्य मी दवाखान्यात चौतीस वर्षं ऐकलं. त्याच्याखाली दुखणं निघालं नाही असं फार क्वचित झालं.

माझ्याच घरचं सांगते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरण्येश्वरच्या बाजूला चिखलात रुतलेल्या एका गाडीच्या टपावर एक कुत्री बसलेली दिसली. खाली उतरायला तयार नव्हती. दातांवरून मी तिचं वय चार धरलं आणि नाव ठेवलं अंबी. गेल्या हिवाळ्यात अंबी रात्री उठायला लागली, अगदी तुमच्या राणीसारखी. मेंदूचं म्हातारपण असावं, असं धरून मी आठवडा काढला. मग एका दुपारी ती ऊन खात पडली असताना तिचा मागचा पंजा हातात घेतला. मधली दोन नखं वरच्या बाजूनं घासून सपाट झाली होती. म्हणजे चालताना पाय पुरता उचलला जात नव्हता, नखं फरशीवर ओढली जात होती. दोन्ही मांड्यांवरून एकदम हात फिरवला, तर उजवी डावीपेक्षा बारीक लागली. एक्स-रेत खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. रात्रीच्या गारठ्यात तो आखडायचा, तिची झोप मोडायची आणि ती उठून फिरायची. औषध सुरू झाल्यावर पाचव्या रात्री ती सकाळपर्यंत झोपली.

म्हणून राणीचे पाय आधी बघा. मागची नखं, मांड्या, आणि ती उठते कशी ते. पुढच्या पायांवर अंग ओढून घेत उठत असेल तर कंबर किंवा खुबा दुखतोय. मोबाइलवर उठतानाचा आणि कोपऱ्यात उभं राहतानाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं कुत्रं यातलं काहीही करून दाखवत नाही.

शूचं वेगळं बघायचं. झोपल्या जागी अंथरूण ओलं होतं, की चालत जाऊन शू करते? झोपेत गळत असेल आणि तिचं गर्भाशय काढलेलं असेल, तर तो मूत्रमार्गाचा सैलपणा; गोळ्यांनी बराच आटोक्यात येतो. चालत जाऊन भरपूर करत असेल तर दिवसभराचं पाणी मोजा. लिटरच्या बाटलीनं भांडं भरायचं आणि रात्री उरलेलं परत मोजायचं. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, म्हणजे राणी अठरा किलोची धरली आणि ती दिवसाला १ लिटर ८०० मिलिलिटरच्या वर जात असेल, तर मूत्रपिंड आणि साखर तपासायलाच हवी. म्हणून काही तिचं पाणी तोडू नका. आणि तिची नसबंदी झालेली नसेल, माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील आणि ती पाणी फार पिऊ लागली असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

हे सगळं ठीक निघालं तर म्हातारपणातल्या मेंदूच्या आजाराकडे वळू. कोपऱ्यात अडकणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, ओळखीच्या माणसाकडे परक्यासारखं बघणं, ही त्याची लक्षणं. तो बरा होत नाही, पण सेलेजिलीनसारख्या औषधांनी काही कुत्र्यांना चांगला फरक पडतो. घरातलं सामान हलवू नका, पॅसेजमध्ये झिरोचा दिवा ठेवा, संध्याकाळी बाहेर नेलं की तिला भरपूर वास घेत रमतगमत चालू द्या. पळवण्यापेक्षा वास घेण्यानं म्हातारं कुत्रं जास्त दमतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दोन गोष्टी अगदी कळकळीनं सांगते. घरातली दुखण्यावरची गोळी तिला देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं जातात, आणि हे मायेपोटी घडलेलं मी कितीदा बघितलंय. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती रक्त तपासूनच सुरू करतात. दुसरी गोष्ट फरशीची. गुळगुळीत टाइल्सवर झिजलेल्या सांध्यांचं कुत्रं दर पावलाला घसरतं आणि घाबरतं. जुन्या शहाबादीवर इतकं होत नसे. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत जाड सतरंज्यांची वाट करा, खाली रबरी जाळी टाका. पंजातले वाढलेले केस कापा.

आता तुमचं. पत्रातल्या ‘मीच उठते’ या दोन शब्दांनी मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. बाई सहा महिने एकटी जागली की सातव्या महिन्यात घर कुत्र्याला कंटाळतं, आणि दोष कुत्र्यावर जातो. राणीला उचलून आणलं तेव्हा ती सगळ्यांची होती ना? मग एकदा जेवायला बसल्यावर वाटणी करा. यजमान सकाळच्या शिफ्टहून दुपारी घरी येतात, तर संध्याकाळचं फिरवणं त्यांचं, आणि सुटीच्या आदल्या रात्रीचं उठणंही. पाणी मोजून वहीत लिहायला मुलांना पाच मिनिटं लागतील, परीक्षा असली तरी. सासूबाईंना एक काम मुद्दाम द्या : दुपारी राणीला सलग झोपू द्यायचं नाही, दोनदा हाक मारून गॅलरीत उन्हाला आणायचं. रात्रीच्या झोपेसाठी ते खरंच लागतं, आणि दिवसभर घरी असल्यानं ते त्यांच्याइतकं नीट कुणाला जमणार नाही. औषध लागू पडायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर खालच्या मंडळींना स्वतः जाऊन सांगून या की ती आजारी आहे, उपचार चालू आहेत. वरून दार लावून घेण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : आमचं लॅब्रेडॉर तेरा वर्षांचं, अठ्ठावीस किलोचं. तिसरा मजला. सोसायटी लिफ्टमधून नेऊ देत नाही.
— कर्वेनगर

उत्तर : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५मध्ये सोसायट्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. त्याची प्रत आणि डॉक्टरांचं सांधेदुखीचं पत्र जोडून कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी वाद घालू नका. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद चालू ठेवा, म्हणजे तुमची बाजू पक्की राहते. तोवर जिन्यात मोठा टॉवेल मागच्या पायांपुढे पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरा. सगळं वजन उचलायचं नाही, फक्त कंबरेला आधार.

प्रश्न : आमचा टिपू चौदा वर्षांचा. बाबांनी तो पिल्लू असताना मंडईतून आणला होता. परवा सकाळी उठला तो पडलाच. मान वाकडी, डोळे भराभर हलतायत, एका बाजूला कलंडतो, उलट्या. सगळे म्हणतात लकवा आहे, इंजेक्शन देऊन सोडवा त्याला. बाबा गप्प झालेत. आई म्हणते नको. मी काय करू?
— कॉलेज विद्यार्थी, कसबा पेठ

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून मी त्याच दिवशी तुला फोन केला. तेव्हा बोललो ते इथे लिहिते, कारण ‘लकवा’ या एका चुकीच्या शब्दापायी बरी होणारी कुत्री जातात.

म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत अचानक बिघाड होतो. जग गरगरतं, म्हणून पडणं, म्हणून उलट्या. पायांत ताकद असते, तोल नसतो. पहिले दोन-तीन दिवस बघवत नाहीत. मग डोळ्यांचं हलणं थांबायला लागतं, आणि बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत चालू लागतात. डॉक्टरांनी कान आतून बघायला हवा, कारण कधी कानातल्या संसर्गानंही हेच होतं. मेंदूचं काही नाही ना, तेही तेच ठरवतील. मळमळीचं औषध मिळतं. भिंतीलगत उशा लावून त्याला निजव, पाणी तोंडाशी धर, उचलताना हिसका देऊ नको.

निरोपाचा प्रश्न कधी तरी खरा येईल, तेव्हासाठी सांगून ठेवते. घरात दोन तट पडू देऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री प्रत्येकानं, दुसऱ्याला न विचारता, आजचा दिवस त्याला बरा गेला की वाईट अशी खूण करायची. आपल्या हातून खाल्लं का, स्वतः उठला का, तुम्ही आल्यावर शेपूट हलली का, एवढंच बघायचं. वाईट खुणा सलग जास्त दिसायला लागल्या की कुणाला वाद घालावा लागत नाही. आणि तेव्हा बाबांना त्याच्याजवळ बसू दे. त्यांना त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं असेल.

पण टिपूची ती वेळ नाही. काल तुझा निरोप मिळाला : मान अजून तिरकी आहे, पण वाड्याच्या तीन पायऱ्या तो आपला आपण उतरला. मान थोडी तिरकी कायमची राहिली तरी त्याचं काही अडत नाही. पायऱ्या मात्र अजून महिनाभर कुणी तरी त्याच्या सोबत उतरा, त्याच्या पडणाऱ्या बाजूला.