शाळा एकच, टेबलं मात्र दोन

प्रश्न: ताई, मी देवगडची, वय ५१. परवा दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर झालं. शाळा को-एड होती, तरी पंधरा मिनिटांत बायका एका टेबलाला नि बाप्ये दुसऱ्या. लेक रत्नागिरीला हॉस्टेलवर असते, ती म्हणते आई आमचं असं नसतं, पण तिच्या फोनमधल्या फोटोंत सगळ्या मुलीच. हे मुळातच असतं की आपण शिकवतो?

उत्तर: शाळा को-एड होती म्हणता, पण बाकं? आमच्याकडे तरी भिंतीकडच्या रांगा मुलींच्या, दाराकडच्या मुलग्यांच्या, दहा वर्षं.

थोडं मुळात आहे, नाही असं नाही. एलिनॉर मॅकोबी नि कॅरल जॅकलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना १९८७ च्या अभ्यासात दिसलं की साडेचार वर्षांची पोरं, मुली मुलींबरोबर नि मुलगे मुलग्यांबरोबर, जवळजवळ तिप्पट वेळ खेळतात, आणि साडेसहाव्या वर्षी तेच अकरापट! मॅकोबीबाईंच्या मते यात खेळायच्या तऱ्हेचा मोठा हात, मुलग्यांना ढकलाढकली कुस्ती हवी, मुली 'आपण असं करूया का' म्हणून सुचवतात, मुलगे ऐकतच नाहीत, मग मुली वैतागून बाजूला होतात. (माझा नवरा अजून ऐकत नाही, ते असो.)

पण पुढचं सगळं आपणच करतो असं माझं स्पष्ट मत. होडीवर खलाशी सगळे बाप्ये, बाजारात टोपली घेऊन बसतात त्या बायका. गणपतीत बाप्यांचं भजन ओटीवर, बायकांच्या फुगड्या आत गौरीपुढे. ज्याच्याशेजारी रोज बसणं-उठणं त्याच्याशीच जमतं हो, १९५० साली लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत हेच दाखवलं, सगळ्यात जास्त दोस्ती शेजारच्या दाराशी. तुमच्या लेकीच्या शेजारचं दार लेडीज हॉस्टेलचं, रात्री अकराला मॅगी ती कोणाबरोबर खाणार?

आणि लोकांच्या तोंडाचं काय! बाईने जुन्या वर्गमित्राबरोबर एसटी स्टँडवर दहा मिनिटं चहा घेतला तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचते, हा हिशोब बाईच्या डोक्यात कायम चालू असतो, मग कोण त्या भानगडीत पडतंय, मैत्रिणीकडे जाऊन गुडघेदुखीवर बोललेलं बरं.

तरी त्या दुसऱ्या टेबलावर बोलावंसं वाटणारं कोणी होतं का? असेल तर फोन करा की, हवं तर घरच्यांसमोर स्पीकरवर करा.